मध्यंतरानंतरचा सैतान

त्या शनिवारी माणिकपूरच्या चर्चच्या हॉलमध्ये दाखवलेल्या सिनेमात सैतान होता, याबद्दल कोणाचंही दुमत नव्हतं. तो कोणता, याबद्दल मात्र उन्हाळाभर एकमत झालं नाही.

सत्तरच्या दशकाची अखेर होती. वसईत आम्ही काही जण एक फिल्म मंडळ चालवत होतो. सभासदांत शाळामास्तर होते, बँकेतले कारकून होते, केळी आणि पानवेलीच्या बागा करणारे शेतकरी होते, पाचूबंदरहून सायकलने येणारे मच्छीमार होते. मुंबईहून परदेशी सिनेमाचे डबे येत, हॉलच्या भिंतीवर पडदा टांगला जाई आणि मागे प्रोजेक्टर घरघरू लागे. हॉल चर्चचा होता. फादर तो आम्हाला आनंदाने देत, स्वतः मात्र सिनेमाला येत नसत. त्या वेळी ते बागेला पाणी घालत.

सिनेमांची भाषा कोणालाच येत नसे. खाली इंग्रजी अक्षरं उमटत, पण वाचून होण्याआधी पुसली जात. निम्म्या सभासदांना ती दिसली काय आणि न दिसली काय, सारखंच होतं. त्यावर मंडळाने आपला उपाय काढला होता. पडद्याच्या डाव्या बाजूला एक खुर्ची, खुर्चीत सुपरवायझर आणि त्याच्या हातात माइक. पडद्यावर जे चाललं असेल ते तो मराठीत सांगे.

हा सुपरवायझर बर्फाच्या कारखान्यातला. लाद्या फोडणाऱ्या यंत्राच्या वर आपला आवाज चढवता चढवता तो कमावला गेला होता. कुठेही माइक लागला की लोक त्याला शोधत. त्याची एक पद्धत होती. सिनेमा सुरू झाला की आधी चांगला माणूस कोण आणि वाईट कोण हे तो जाहीर करे. ही पद्धत त्याची एकट्याची नव्हती. मंडळाच्या अगदी पहिल्या खेळाला पुढच्या रांगेतल्या एका कोळीणबाईने मोठ्याने विचारलं होतं, "आधी सांग रे बाबा, आपुन कोनाच्या बाजूनं?" तेव्हापासून ते सांगणं निवेदनाचाच भाग झालं. मग प्रेक्षक निश्चिंत होऊन मागे रेलत.

त्या वर्षी ईस्टरआधीच्या उपवासकाळात सुपरवायझरच्या डोक्यात सिनेमापेक्षा मोठी गोष्ट होती. गुड फ्रायडेला चर्चमध्ये ख्रिस्ताच्या दुःखसहनाची कथा वेगवेगळ्या आवाजांत वाचतात. ख्रिस्ताचे शब्द फादर वाचतात, जमावाचे शब्द गायनमंडळ वाचतं आणि बाकी सगळं, म्हणजे कोण आला, कोण गेला, कोणी काय विचारलं, ते निवेदक वाचतो. सर्वांत लांब पाठ त्याचा. बरीच वर्षं तो वाचणारा गृहस्थ त्या हिवाळ्यात नोकरीसाठी कुवेतला गेला आणि फादरांनी सुपरवायझरला बोलावून पाठ त्याच्या हातात दिला. त्याची बायको सांगे की या पाठावर त्याचा डोळा लग्नाच्याही आधीपासून होता. कारखान्यात त्याची तालीम सुरू झाली. बर्फ न्यायला आलेल्या मच्छीमारांना टोपल्यांबरोबर ख्रिस्ताला क्रूसाची शिक्षा देणाऱ्या रोमन सुभेदाराची चौकशीही ऐकावी लागे.

अशात तो सिनेमा आला. डबे दुपारी पोचले, त्यामुळे आधी कोणी तो पाहिला नव्हता. मी तेव्हा मुंबईत एका मराठी दैनिकात उपसंपादक होतो आणि मंडळासाठी सिनेमाची ओळख लिहिण्याचं काम माझ्याकडे होतं. वितरकाच्या पत्रकात दोन ओळी होत्या. त्यांवरून मी लिहिलं, "चांगलं आणि वाईट यांच्या झगड्यावरचं गूढ चिंतन." वर्तमानपत्रात स्वतःला काही कळलं नाही की आम्ही गूढ हा शब्द वापरत असू.

सुपरवायझरने कागद वाचला. "म्हणजे एक चांगला आणि एक वाईट?"

"तसं दिसतंय."

"झालं तर मग," तो म्हणाला आणि माइक तपासायला गेला.

सिनेमा काळा-पांढरा होता. समुद्रकाठचं एक उजाड गाव. एकाच दिवशी तिथे दोन परके येतात. एक पांढऱ्या झग्यात, गळ्यात क्रूस, गाढवावर बसून. दुसरा काळ्या कोटात, लंगडत, बरोबर बकरी. पांढरा मुलांच्या डोक्यावर हात ठेवतो. काळा विहिरीच्या कठड्यावर बसतो आणि एक साप सरपटत येऊन त्याच्या पायाशी वेटोळं घालतो. सुपरवायझरने जास्त वाट पाहिली नाही.

"प्रेक्षकहो, पांढऱ्या झग्यात आहे तो देवाचा माणूस. काळ्या कोटात आहे तो सैतान. लंगडा पाय बघा, बकरी बघा, साप बघा. लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल."

प्रेक्षक मागे रेलले. गावातली विहीर आटली, तेव्हा सुपरवायझरने ते काळ्याच्या नावावर टाकलं. पांढऱ्याने प्रार्थना केली आणि पाणी आलं नाही, तेव्हा तो म्हणाला, "येईल, येईल." मध्यंतर झालं तरी पाणी आलं नव्हतं.

मध्यंतरात भजी होती. भज्यांच्या कढईभोवती बरेच लोक रमले ते परत आत आलेच नाहीत. जी बाजू घ्यायची ती त्यांना कळली होती. याच सुमारास चर्चमधली संध्याकाळची प्रार्थना आटोपून काही ज्येष्ठ मंडळी हॉलमध्ये येऊन मागच्या बाकांवर बसली. त्यांत गायनमंडळाचे प्रमुख, निवृत्त हेडमास्तर होते.

मध्यंतरानंतर काळा विहिरीत उतरला, त्याने हातांनी गाळ उपसला आणि पाणी वर आणलं. एका आजारी मुलीला पाजलं. मुलगी उठून बसली. पांढरा खिडकीतून हे बघत होता. त्याने खिडकी लावून घेतली. सुपरवायझरने माइक तोंडापासून दूर धरला. मग तो खाकरला.

"प्रेक्षकहो, एक दुरुस्ती. काळ्या कोटातला माणूस चांगला आहे. पांढऱ्या झग्यात आहे तो सैतान. गैरसोयीबद्दल क्षमस्व."

मागच्या बाकांवर कुजबुज झाली. पडद्यावर गोठ्याला आग लागली. ती कोणी लावली ते दिसलं नाही. शेवटी पांढरा आणि काळा एकाच होडीत बसून धुक्यात गेले आणि होडी परत आली ती एकालाच घेऊन. त्याच्या अंगावर ना झगा होता ना कोट, नुसता ओला सदरा. तोंड पलीकडे. तो वाळूतून चालत गेला आणि गावच्या चर्चची घंटा वाजवू लागला.

"एक जण परत आलाय," सुपरवायझर म्हणाला. "कोण आलाय ते... प्रेक्षकहो, उजेड कमी आहे."

दिवे लागले. लोक उठेनात. सिनेमा संपल्याचं निवेदन त्याला वेगळं करावं लागलं.

वर्तमानपत्रात चूक पहिल्या पानावर जाते आणि दुरुस्ती आतल्या पानावर, कोपऱ्यात. तेच इथे झालं. भज्यांपाशी थांबलेल्यांच्या दृष्टीने काळा सैतान होता आणि खेळ संपला होता. उशिरा आलेल्यांनी फक्त दुरुस्ती ऐकली होती. त्यांना एवढंच माहीत होतं की उपवासकाळात, चर्चच्या हॉलमध्ये, चर्चच्या माइकवरून, गळ्यात क्रूस असलेल्या माणसाला सैतान म्हटलं गेलं आणि म्हणणारा माणूस गुड फ्रायडेचा निवेदक होता. रविवारच्या पहिल्या मिस्सानंतर हेडमास्तर फादरांकडे गेले.

संध्याकाळी फादरांच्या बंगल्याच्या व्हरांड्यात सुपरवायझरला बोलावणं आलं. ओळख मी लिहिली म्हणून मलाही. मंडळाचे काही सभासद न बोलावता आले. फादर वसईतलेच, वयस्क, कमी बोलणारे. हातात बागेची कात्री होती.

"पांढऱ्या झग्यातल्या माणसाला तू सैतान म्हणालास?"

"म्हणालो, फादर. पण त्याआधी देवाचा माणूस म्हणालो होतो."

"दोन्ही?"

"मधे मध्यंतर होतं ना."

हेडमास्तर पुढे सरकले. "फादर, हा विनोद नाही. गळ्यात क्रूस होता त्याच्या. मी डोळ्यांनी पाहिला."

"सर, तुम्ही उशिरा आलात," सुपरवायझर म्हणाला.

"सैतान ओळखायला वेळेवर यावं लागतं काय?"

पानवेलीची बाग असलेला आमचा एक सभासद, हिंदू, शांतपणे म्हणाला, "फादर, मी पहिल्यापासून होतो. नाग येऊन त्या काळ्याच्या पायाशी बसला, पण चावला नाही. आमच्याकडे अशा माणसापुढे नारळ फोडतात. तेव्हाच मी बायकोला म्हटलं, हा मोठा माणूस आहे, माइकवाला काही का सांगेना."

"अहो, सापच तर सैतान!" हेडमास्तर म्हणाले.

"मग श्रावणात पंचमीला आम्ही दूध कोणाला दाखवतो?"

"तो विषय आज नको," फादर म्हणाले.

पाचूबंदरचे दोघे पायरीवर बसले होते. त्यांतला थोरला म्हणाला, "फादर, होरीचं बघा ना. वल्हवत कोन होता? वल्हवतो तोच परत येतो. नुसता बसलेला कवा परत आलाय?"

"कोन वल्हवत होता ते दिसलंच कुठं?" धाकटा म्हणाला. "धुकं होतं."

"तुला नाय दिसलं. मना दिसलं."

"आनि तसल्या होरीत दोघं बसतील? तिच्यात मांजर बसवलं तरी बुडेल. समदं खोटं हाय."

फादरांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही पेपरवाले. तुम्ही काय लिहिलं होतं?" मी कागद दिला. त्यांनी वाचला. "गूढ. म्हणजे तुम्हालाही कळलं नाही."

"नाही, फादर."

त्यांनी कात्री कठड्यावर ठेवली आणि ते सुपरवायझरकडे वळले. "गुड फ्रायडेला निवेदकाने काय झालं तेवढंच वाचायचं असतं. कोण चांगला, कोण वाईट, हे त्याच्या पाठात लिहिलेलं नाही. ते तू आपणहून सांगशील अशी मला धास्ती वाटते."

"नाही सांगणार, फादर. शप्पथ."

"शपथ नको. पुढच्या रविवारी ये. हा सिनेमा मला पहिल्यापासून शेवटपर्यंत सांग. दिसलं तेवढंच. एकदा जरी कोणाला सैतान म्हणालास, किंवा देवाचा माणूस म्हणालास, तर निवेदकाचा पाठ हेडमास्तर वाचतील."

हेडमास्तरांनी सदऱ्याची कॉलर नीट केली. सुपरवायझरचा चेहरा त्याच्या कारखान्यातल्या लादीसारखा झाला.

दुसऱ्या दिवशी तो कामावरून थेट माझ्याकडे आला. म्हणाला, "तुम्ही रोज हेच करता ना? कोणाची बाजू न घेता लिहिता? मला शिकवा." आमच्या दैनिकाविषयी त्याचं मत इतकं चांगलं असेल असं वाटलं नव्हतं. तालीम कारखान्याच्या पडवीत सुरू झाली.

"मग तो पांढऱ्या झग्यातला ढोंगी इसम—"

"ढोंगी काढ."

"पांढऱ्या झग्यातला इसम खिडकीतून डोकावून—"

"डोकावून काढ. बघत होता."

"पण तो डोकावतच होता!"

"त्याच्या मनात तू होतास?"

"मी हॉलमध्ये होतो."

"मग बघत होता."

त्याने श्वास घेतला. "बिचारी मुलगी—"

"बिचारी काढ."

"बिचारीसुद्धा? अहो, आजारी होती ती!"

"आजारी ठेव."

"मग उरलं काय?"

"बातमी."

बर्फ भरायला थांबलेला एक मच्छीमार मधेच म्हणाला, "सुपरवायझर, तू आधी बरा सांगायचास. आता तुझं ऐकून झोप येते." सुपरवायझरने त्याच्याकडे असं पाहिलं की बाजू घेण्याची त्याची सवय अजून शाबूत आहे हे उघड झालं.

आठवड्याच्या शेवटी त्याची बायको मला रस्त्यात भेटली. तिने मला थांबवूनच विचारलं, "भावजी, तुम्ही माझ्या नवऱ्याला काय केलंत?"

"का, वहिनी?"

"काल विचारलं, सांबारं कसं झालंय? तर म्हणतो, सांबारं झालंय. म्हटलं, अहो, चांगलं की वाईट? तर म्हणतो, मी दोनदा घेतलं. आता यातून बाईमाणसाने काय समजायचं?"

रविवारी व्हरांड्यात आधीच्यापेक्षा जास्त माणसं जमली. हेडमास्तर पाठाचं पुस्तक काखेत घेऊनच आले होते. फादर बोगनवेल छाटत उभे राहिले. सुपरवायझर माइकविना उभा होता, हात मागे बांधून. त्याची बायको फाटकापाशी थांबली होती. आत यायला ती तयार नव्हती.

त्याने सुरुवात केली. दोन माणसं आली. एकाच्या अंगात पांढरा झगा होता, एकाच्या अंगात काळा कोट. काळ्या कोटातला लंगडत होता. साप आला. साप बसला. पानवेलीच्या बागायतदाराने हेडमास्तरांकडे पाहिलं, पण सुपरवायझर सापापाशी थांबला नाही. विहीर आटली. पांढऱ्या झग्यातल्याने प्रार्थना केली. पाणी आलं नाही. इथे त्याची जीभ अडखळली. ओठ "ये" असे झाले. फाटकापाशी बायकोने पदर तोंडाशी नेला. त्याने गिळलं आणि पुढे गेला. मध्यंतर झालं.

विहिरीत माणूस उतरला तेव्हा फादरांची कात्री थांबली. मुलगी उठून बसली तेव्हा ते खुर्चीवर बसले. खिडकी बंद झाली तेव्हा ते पुढे झुकले. आग लागली.

"कोणी लावली?" फादर म्हणाले.

"आग लागली, फादर."

"ते कळलं. कोणी लावली?"

"गोठ्याला आग लागली. बाहेर दोघंही होते."

फादरांनी हात हलवला, पुढे. होडी धुक्यात गेली. होडी परत आली. "एक माणूस उतरला. अंगात ओला सदरा होता. तोंड पलीकडे होतं. तो चर्चकडे गेला. त्याने घंटा वाजवली. सिनेमा संपला."

तालमीत त्याने इतकं नीट एकदाही सांगितलं नव्हतं.

"म्हणजे तो होता कोण?" फादरांनी विचारलं.

"एक माणूस, फादर."

"अरे, पण झगेवाला की कोटवाला?"

"ओला सदरा होता."

"लंगडत होता का?"

सुपरवायझरने डोळे मिटले. "वाळूतून चालत होता, फादर. वाळूत सगळेच थोडे तसे चालतात."

फादर उठले. व्हरांड्याच्या एका टोकाला गेले, परत आले. "बकरी कुठे होती त्या वेळी?"

"बकरी मध्यंतरानंतर दिसली नाही."

"म्हणजे बघा!" फादर आमच्याकडे वळून म्हणाले. "बकरी नाही. आणि मुलीला पाणी पाजणारा माणूस गोठा कशाला जाळेल? तो पांढराच! खिडकी लावून घेतो म्हणजे काय? तो सरळ सरळ सैतान आहे!"

शेवटचा शब्द बागेपर्यंत गेला. हेडमास्तरांनी काखेतलं पुस्तक या हातातून त्या हातात घेतलं. "फादर, आपणच म्हणाला होतात की सैतान म्हणायचं नाही."

फादरांनी कात्री उचलली. "ते निवेदकाला," ते म्हणाले. "मी निवेदक नाही. ते पुस्तक त्याला द्या."

हेडमास्तरांनी पुस्तक दिलं. फाटक वाजलं. सुपरवायझरची बायको घरी निघाली होती, जरा घाईत, म्हणजे ही बातमी आळीत तिच्या आधी कोणी पोचवू नये.

गुड फ्रायडेला दुपारी चर्च भरलं होतं. मी दाराशी उभा होतो. सुपरवायझर पांढऱ्या इस्त्रीच्या सदऱ्यात पुढे आला आणि त्याने पाठ वाचला. आवाज कुठे चढवला नाही, कुठे पाडला नाही. सुभेदार बाहेर आला. सुभेदार आत गेला. त्याने विचारलं. जमाव ओरडला. शिष्य शेकोटीपाशी उभा होता. वाचन संपलं तेव्हा दरवर्षीपेक्षा कमी लोकांनी डोळे पुसले होते आणि पुष्कळ लोक एकमेकांकडे बघत होते.

उपासना संपल्यावर हेडमास्तर आणखी दोघा-तिघांना घेऊन फादरांकडे आले. सुपरवायझर सायकल काढत होता. त्यालाही थांबवलं.

"फादर, याने सुभेदाराला फारच सज्जन करून टाकलं."

"मधे काही घातलं का त्याने?"

"घातलं नाही. तेच तर. आधीचा वाचणारा सुभेदाराचं नाव आलं की दात चावून वाचायचा. म्हणून लोकांना कळायचं. याने नुसतं वाचलं. सुभेदार बाहेर येतो, दोष सापडत नाही म्हणतो, आत जातो. परत बाहेर येतो, परत तेच म्हणतो. माझी बायको म्हणते, तो बिचारा सोडवायला बघत होता."

"तसंच लिहिलंय," फादर म्हणाले.

"मग इतकी वर्षं आम्हाला ऐकू कसं आलं नाही?"

फादरांनी सुपरवायझरच्या हातातलं पुस्तक घेऊन उघडलं. सगळे त्यावर वाकले.

"सोडवायचं होतं तर सोडवायचं," एक जण म्हणाला. "हातात सत्ता होती ना?"

"सत्ता होती, पण खाली जमाव बघा केवढा. घाबरला असेल."

"घाबरला म्हणजे चांगला होतो काय माणूस?"

"जमावाने 'क्रूसावर द्या' असं ओरडायलाच नको होतं."

"जमाव आपणच वाचतो की," गायनमंडळातला एक जण म्हणाला.

हेडमास्तरांनी पुस्तकातल्या त्या ओळीवर बोट ठेवलं. मग ते सुपरवायझरकडे वळले. "तू वाचलंस. पंधरवडाभर पाठ करत होतास. तूच सांग. सुभेदार चांगला की वाईट?"

सुपरवायझरच्या पोटात सकाळपासून एक कोरा चहा होता. त्याने सायकलचं स्टँड वर केलं.

"सर, सुभेदार बाहेर आला," तो म्हणाला. "मग आत गेला. आता मी घरी जातो. पेज निवतेय."

तो गेला. फादर त्याच्या पाठीकडे बघत म्हणाले, "पुढच्या वर्षीही निवेदक हाच."

हेडमास्तरांनी मान हलवली, पण ती कशासाठी ते कळलं नाही. बोट पुस्तकात होतं. ते अजून जमावाचीच ओळ वाचत होते.